बिब्बा घालणारा माणूस

रघू, शिरीष तुझा फोटो मागायला आला होता.

"हसतानाचा द्या वहिनी," म्हणाला. "चष्म्यातला चालेल. उलट चष्म्यातलाच बरा, जरा एक्स्पर्ट वाटतो." मला वाटलं, तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर हार घालून लावायचा असेल. मी कपाटातून अल्बम काढायला उठलेसुद्धा. तेव्हा तो म्हणाला, "पॅकेटवर छोटाच येईल. उजव्या कोपऱ्यात. खाली एक ओळ टाकू."

ओळ त्याने करूनच आणली होती. फोनवर दाखवली, वर इंग्रजी, खाली अरबी. आमचे राव सर, ज्यांच्या नजरेखालून प्रत्येक मुळी गेली, असा साधारण अर्थ. अक्षरं सोनेरी. मी विचारलं, "कुठल्या पॅकेटवर?"

"सांधेदुखीच्या चूर्णाच्या. आपलं सगळ्यात चालणारं प्रॉडक्ट आहे ते. रावला ट्रिब्यूट द्यायचं तर बेस्टवर द्यायला हवं ना."

तेच चूर्ण. तू पास न केलेलं.

मी काय केलं असेल ते तुला ठाऊक आहे. मी "बघते" म्हणाले. चहा विचारला. त्याने तो घेतला, कपबशी स्वतः ओट्यावर नेऊन ठेवली, आणि मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्टचं दार मिटलं आणि मला राग आला. तुझा राग नेहमी लिफ्ट गेल्यावर येतो, असं तू मला चिडवायचास. पण एरवी तो घरात शिरेपर्यंत उतरायचा. हा उतरलेला नाही. त्यातला अर्धा शिरीषवर आहे आणि अर्ध्याहून जास्त तुझ्यावर.

भेटायला माणसं येतात. सोफ्याच्या कडेवर बसतात, खिडकीतून खाली खालिद लगूनच्या पाण्याकडे बघतात, आणि सगळी एकच वाक्य बोलतात, की रावांनी कधी कोणाला दुखावलं नाही. मी मान डोलावते. काही जण दबक्या आवाजात दुसरंही बोलतात: एवढी औषधं जाणणारा माणूस, आणि असा कसा गेला? जणू मुळ्या ओळखणाऱ्या माणसाने मरायचं नसतं. तू रोज सकाळी रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घेत होतास, डॉक्टरकडे वेळेवर जात होतास, आणि तरीही एका सकाळी पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडताना तुझं हृदय थांबलं. त्यात कोणाची चूक नव्हती. तुझ्या मरणाबद्दल मी कोणावरही रागावलेली नाही. माझं भांडण तुझ्या जगण्यातल्या एका गोष्टीशी आहे, ते आपण अर्धवट सोडलं होतं, आणि आता तू ते अर्धवट सोडून कायमचा उठून गेला आहेस.

तू तंजावरचा मराठी. पुण्यात एमएस्सीला आलास तेव्हा तुझ्या बोलण्यात "कुठे"च्या जागी "कोठे" असायचं आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. वर्गातली मुलं हसायची. मला मात्र वाटायचं, एखाद्या जुन्या पोथीतून कोणीतरी उठून आलंय आणि कँटीनमध्ये चहा मागतंय. मी पोथ्यांच्या बाजूची. तू झाडांच्या बाजूचा. लग्नानंतर इथे आखातात आलो, तू जबल अलीच्या गोदामात जडीबुटी तपासायला, मी शाळेच्या ग्रंथालयात, आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजू एकत्र आल्या. तू प्लास्टिकच्या पिशवीतून नमुने आणायचास. वाळलेली साल, सुरकुतलेलं फळ, मातीच्या रंगाची मुळी. मध्ये ठेवायचास आणि तमिळ नाव सांगायचास. मी मराठी नाव सांगायचं, असा खेळ. कडुक्काय? हिरडा. अदिमदुरम? ज्येष्ठमध. तिप्पिली? ते तर सोपं आहे, पिंपळी. इरा शाळेचा गणवेश न बदलता खुर्चीवर गुडघे टेकून बसायची आणि नाक मुरडायची. "बाबा, धिस वन स्मेल्स लाइक अ वेट डॉग."

"ते वेखंड. वसंबु," तू म्हणायचास. "लहानपणी तुझ्या अंगाला हेच लावलं होतं. युअर फर्स्ट परफ्यूम."

त्या टेबलाबद्दल मी तुझी ऋणी आहे, हे लिहून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात ते दिसणार नाही.

तू मला पहिल्यांदा सांगितलंस, की कच्चा माल म्हणजे औषध नव्हे. तुमच्या तमिळ सिद्ध वैद्यकात झाडपाला आहे, खनिजं आहेत, शंख-शिंपले आहेत, पण त्यातली कितीतरी द्रव्यं जशी आली तशी पोटात जात नाहीत. आधी त्यांची शुद्धी करायची. काही दुधात शिजवायचं, काही चुन्याच्या निवळीत भिजवायचं, कशाची साल टाकायची, कशाचा कोंब. प्रत्येकाची रीत निराळी. मला "शुद्धी" हा शब्द आवडत नसे. मी म्हणायचे, याला सोवळ्याचा वास येतो. तू म्हणायचास, "वास कसलाही येऊ दे, अर्थ एवढाच आहे, की जे अपाय करेल ते आधी काढून टाका." मग मी पाऱ्यावर यायचे. हिंगूळ, मनशीळ, हरताळ असल्या विषारी खनिजांची भस्मं करून माणसाला खायला घालणाऱ्या शास्त्राची तू, वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस, बाजू कशी घेतोस? तू शांतपणे सांगायचास, की आमची कंपनी खनिजं आणत नाही. मी म्हणायचे, हे उत्तर नाही. तू म्हणायचास, "खरंय, नाही. मी दारावर उभा असतो, वसू. आत येणारी वस्तू तीच आहे ना, एवढं बघतो. घरात पुढे काय शिजतं, त्याचं मला पुरतं ठाऊक नाही." हे भांडण मला मनापासून आवडायचं. त्यात तू कधी खोटं बोलला नाहीस. ते तसंच राहिलं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार बिब्ब्याची आहे.

सेरांगोट्टै म्हणालास तेव्हा मला ओळखता आलं नव्हतं. तू टेबलावर ठेवलंस आणि मी हात मागे घेतला. बिब्बा कोणाला सांगावा लागतो? आई डिंकाच्या लाडवात गोडंबी घालायची, ती याच बिब्ब्याच्या आतली. आणि आईच्या पोटरीवर लहानपणचा डाग होता, तोही याच बिब्ब्याचा, उतला होता तिच्या अंगावर. मगज गोड, टरफलातलं तेल कातडी जाळणारं. तुमच्या तमिळ वैद्यांच्या भाषेत म्हणे याचं आधी नाक कापतात. टोक छाटायचं, मग शिजवत, घासत, धूत राहायचं, तेल निघून जाईपर्यंत. वेळखाऊ काम, घाण वासाचं, आणि करणाऱ्याच्या हातावर फोड येण्याची भीती. म्हणूनच कोणाला तरी ते टाळावंसं वाटतं.

माल "शुद्ध केलेला" अशी चिठ्ठी लावून आला होता. तू एक फळ उचललंस आणि त्यात तापवलेली सुई टोचलीस. आमच्या आया हेच करायच्या. सुईच्या कडेने काळं, दाट तेल वर आलं. तू मीटिंगमध्ये सांगितलंस, हा माल कच्चा आहे. शिरीष खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "यार राव, दर मीटिंगमध्ये तू बिब्बा घालतोस."

तिथले मराठी लोक खो खो हसले. केरळच्या अकाउंटंटला काही कळेना, म्हणून शिरीषने त्याला हिंदीत समजावलं, "मतलब, बनता हुआ काम बिगाड़ता है।" मग तोही हसला. आणि तू हसलास. हे सगळं तू मला घरी येऊन सांगितलंस ते हसतच. "वसू, आज माझं बारसं झालं," म्हणालास. "वाक्प्रचार इतका जागेवर पडलेला मी आयुष्यात ऐकला नाही." मी पण हसले. मला वाटलं, गोष्टीचा शेवट चांगला झाला असणार, म्हणून तू हसतोयस.

"मग माल परत गेला?"

तू भात कालवत राहिलास. "गेला. परत नाही. पुढे."

"पुढे म्हणजे?"

"दळायला, सांधेदुखीच्या चूर्णासाठी. दुसऱ्या कोणी सही केली. औषध म्हणून नाही जाणार म्हणे, हेल्थ पावडर म्हणून जाणार."

"आणि तू?"

"मी सही केली नाही." तू वर बघितलंस. तुला वाटलं होतं, मी शाबासकी देईन. "मी नाही म्हटलं, वसू. माझं काम तेवढंच."

"सही न करणं म्हणजे बोलणं नव्हे."

"बोललो की. मीटिंगमध्ये."

"ते हसले, रघू."

"हसले, त्याला मी काय करू? यल्ला, जेव आता. खलास."

खलास. तुझ्या दृष्टीने ते तिथे संपलं. काही आठवड्यांनी तू स्वतःच मसाल्यांच्या विभागात बदली मागून घेतलीस. जिरे, धणे, बडीशेप. घरी येताना तुझ्या शर्टाला आता स्वयंपाकघराचा वास यायचा. "मसाल्यात कोणी मरत नाही," म्हणायचास. तुला शांत झोप लागायला लागली आणि माझी गेली. टेबलावरचा खेळ थांबला. धण्याचं तमिळ नाव विचारून कोण खेळणार?

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी कदाचित आज हे लिहीत बसले नसते. पण मग नलूताईंचं तोंड आलं.

तू त्यांना माझ्याआधीपासून ओळखायचास, तुझ्याबरोबर लिफ्टमधून भाजी वर आणणाऱ्या, पलीकडच्या दाराच्या, नागपूरच्या नलूताई. त्यांचे गुडघे दुखायचे. सुपरमार्केटमध्ये त्यांना ते पॅकेट दिसलं आणि कंपनीचं नाव वाचून त्यांनी विश्वासाने घेतलं. "रावभाऊंच्या कंपनीचं आहे, मंग काय बघायचं?" असं त्या नंतर सांगायच्या. ओठ सुजले, तोंडात फोड आले, पाणी गिळता येईना. तू ऑफिस अर्ध्यावर सोडून आलास, त्यांना दवाखान्यात नेलंस, औषधं आणलीस, तीन वेळा चौकशी केलीस. सगळं केलंस. आणि मग त्यांच्या बैठकीत, माझ्यासमोर, तू त्यांना म्हणालास:

"ते चूर्ण तुम्हाला सोसत नाही, ताई. टाकून द्या."

सोसत नाही. मी शब्दांच्या पेशातली बाई आहे. त्या शब्दाचं काम मला लगेच कळलं. चूर्णाला धक्का लागला नाही, कंपनीला लागला नाही, शिरीषला लागला नाही. दोष अलगद उचलून तू एका बाईच्या अंगावर ठेवलास, आणि तिने तो मुकाट्याने घेतला. नंतर त्या सगळ्या बिल्डिंगला सांगत होत्या, "चूर्ण चांगलं आहे हो, माझीच प्रकृती उष्ण." माझ्यासमोर सांगत होत्या. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्याकडे पॅकेटचं नाव मागितलं, आणि त्यांनी ते दिलं.

मी तुला त्या संध्याकाळी म्हटलं, तिला खरं सांग.

"सांगितलं तर ती सगळ्यांना सांगेल."

"सांगू दे की."

"आणि शिरीष?"

शिरीषचं मला तू सांगायची गरज नव्हती. तुझी आधीची कंपनी बंद पडली, व्हिसा संपत आला, इरा लहान, तेव्हा त्यानेच तुला बोलावून घेतलं होतं. मी विसरलेले नाही. पण उपकार आपल्यावर होते, रघू. ते फेडायला नलूताईंचं तोंड का?

"इराची बारावी होऊ दे," म्हणालास. "मग लेखी देतो."

"नक्की?"

"इन्शाल्ला."

या देशात इतकी वर्षं राहून मला कळलं होतं, की मनापासून म्हटलेला इन्शाल्ला कसा ऐकू येतो आणि टाळण्यासाठी म्हटलेला कसा. इराची बारावी झाली. इरा युनिव्हर्सिटीत गेली. मी पुन्हा विषय काढला की तू टीव्हीचा आवाज वाढवायचास, इतका थोडा, की तक्रार करता येऊ नये.

आणि आता शिरीषबद्दल. तो वाईट असता तर मला किती सोपं झालं असतं. तू गेलास त्या सकाळपासून तो आमच्याबरोबर आहे. इस्पितळ, पोलिस, परवानग्या, जबल अलीचं स्मशान, सगळीकडे तो पुढे आणि मी मागे. त्याची बायको रोज डबा पाठवते, आणि मला काय पचतं हे तिच्या लक्षात आहे. माझा व्हिसा तुझ्या नावावर होता, तो शाळेकडे वळवण्याचे कागद त्याच्याच टेबलावरून जाणार आहेत. "टेन्शन घेऊ नका वहिनी, मी आहे," म्हणतो, आणि तो खरंच आहे. त्याची नाशिकची आई तेच चूर्ण घेते. तिला काही झालं नाही. बिब्बा सगळ्यांना उतत नाही, हे त्याला तूच सांगितलं होतंस. मला वाटतं, त्याने त्यातलं तेवढंच ऐकलं. तो खोटारडा नाही. त्याला खरोखर वाटतं, की तू हसलास म्हणजे तुझी हरकत संपली.

त्याला तसं का वाटू नये?

*

इथपर्यंत मी तेराव्याच्या आधी लिहिलं होतं. पुढचं नंतरचं आहे. तुला आवडणार नाही.

संध्याकाळी बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये सगळे जमले. तुझा फोटो, तोच हसरा, टेबलावर. शिरीष बोलायला उभा राहिला. चांगला बोलला. तू गोदामात कसा शिरायचास आणि डोळे मिटून वासावरून पोतं ओळखायचास, ते त्याने हुबेहूब करून दाखवलं. मग म्हणाला, "आणि राव मीटिंगमध्ये काय करायचा, सांगू? बिब्बा घालायचा." लोक रडता रडता हसले. बिब्ब्याचा तो सगळा प्रसंग त्याने सांगितला, सुईसकट. तेल वर आलं, इथपर्यंत सांगितलं. पुढे काय झालं ते नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं, माल अर्थातच परत गेला.

मग त्याने पिशवीतून पॅकेट काढलं. फोटो मी दिला नव्हता, म्हणून कंपनीच्या ओळखपत्रावरचा घेतला होता. तू त्यात घाबरल्यासारखा दिसतोस. खाली सोनेरी ओळ. नमुना आहे, म्हणाला, पुढच्या महिन्यापासून सगळीकडे. माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनींच्या परवानगीने."

मी "बघते" म्हटलं होतं. त्याने त्याचा "हो" केला. इतकी वर्षं आपण दोघं त्याच्याशी ज्या भाषेत बोललो, त्या भाषेत त्याचं काही चुकलं नाही. आपल्या घरातून त्याला कधी "नाही" ऐकूच आलेलं नव्हतं.

पॅकेट हातोहात फिरलं. नलूताईंकडे आलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, तुझा फोटो म्हणून. आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आता पुन्हा घेऊन बघते, थोडं थोडं. भाऊंचं आहे. तवा मलेच सोसलं नव्हतं."

मी उभी राहिले. मला समोर बोलता येत नाही, तुला माहीत आहे. शाळेतसुद्धा मी मुलांना गप्प करायला घंटा वाजवते. मी म्हणाले, "हे रघूने पास केलं नव्हतं." मागच्यांना ऐकू गेलं नाही. कोणीतरी "काय?" म्हणालं, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा आवाज बरा लागला.

"नलूताई, ते तुम्हाला सोसलं नाही असं नव्हतं. त्यातला बिब्बा कच्चा होता. रघूला माहीत होतं. शिरीषलाही माहीत होतं."

शिरीषचा चेहरा मी बघितला नाही. त्याचा आवाज ऐकला, अगदी मऊ. "वहिनी शॉकमध्ये आहेत. आपण नंतर बोलू."

"मी शॉकमध्ये नाही, शिरीष. तुमचा विनोद अर्धा राहिला होता, तो मी पुरा केला."

मग नलूताई म्हणाल्या, "थांब. भाऊंना ठाऊक होतं?"

"हो."

"मले दवाखान्यात नेलं तवाही?"

"हो."

त्यांनी तुझ्या फोटोकडे बघितलं. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "बाप्पा," म्हणाल्या. "अन् मी साऱ्या बिल्डिंगला माझी प्रकृती सांगत बसली." त्यांनी पॅकेट पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. "हे मी ठेवते. लागंन."

वर घरी आल्यावर इरा चपला न काढता दारातच उभी राहिली. "यू डिडन्ट हॅव टू से ही न्यू," म्हणाली. "नाव काढा म्हणाली असतीस तर बास होतं ना, आई. वेगळ्या खोलीत. शिरीष काकांना एकट्याला."

"तर चूर्ण तसंच गेलं असतं."

"बट बाबा वुड हॅव स्टेड बाबा."

तिने खोलीचं दार लावून घेतलं. तिचं खोटं नव्हतं. मी तुझ्या फोटोला वाचवायला उठले आणि बसले तेव्हा तुलाच उघडं पाडून बसले. रघू, याचाही राग मी तुझ्यावरच धरते. हे तू जिवंतपणी, तुझ्या तोंडाने, नलूताईंच्या बैठकीत बसून सांगितलं असतंस, तर त्या तुला दोन शिव्या देऊन चहा ठेवत्या झाल्या असत्या. त्यांनी तुला माफ केलं असतं. आता कोणाला करतील?

शिरीषचा निरोप आला. फोटो आणि ओळ काढली आहे, गैरसमजाबद्दल सॉरी, प्रॉडक्टचा विषय वेगळा आहे, तो लीगल बघेल. शेवटी लिहिलं होतं, "माझी आई पण घेते वहिनी, तुम्ही मला असं समजलात?" डबा त्या दिवसापासून येत नाही. व्हिसाच्या कागदांसाठी आता एचआरमधली एक मुलगी फोन करते, मला "मॅडम" म्हणते, आणि दर वेळी नवा कागद मागते.

म्हणजे तुझं नाव सुटलं आणि चूर्ण दुकानात राहिलं. मी तिथे थांबले असते, तर तू जिथे थांबला होतास तिथेच थांबले असते, सही न करता, स्वच्छ हातांनी.

नलूताई दुसऱ्या सकाळी आल्या. आत येऊन त्यांनी तुझ्या फोटोकडे पाठ केली आणि खुर्ची ओढून बसल्या. "म्युनिसिपालिटीत तक्रार देता येते म्हणे. फोनवरही घेतात. पण फोनवर मले नाही जमत, मी स्वतः जाणार, तोंड दाखवणार."

"तोंड आता बरं आहे तुमचं."

"मंग काय झालं? डॉक्टरचा कागद आहे, हे पॅकेट आहे. तू लिहून देशील का? भाऊंनी पाहिलं होतं, असं?"

"देईन."

"अन् मले सांगितलं नाही, हेही त्यात येईल. मी ते सोडणार नाही, वसुधा. आधीच सांगते."

"येईल."

मी मराठीत लिहून काढलं, कारण मला नीट विचार तेवढ्यातच करता येतो. तुझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. सुई लिहिली, तेल लिहिलं, मीटिंग लिहिली. मग लिहिलं: त्यांनी हा माल नाकारला आणि ही गोष्ट कंपनीबाहेर कोणालाही सांगितली नाही. एवढं एकच वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा खोडलं. तुझ्या बाजूने लिहिलं की खोटं वाटायचं, तुझ्या विरुद्ध लिहिलं तरीही खोटं वाटायचं.

इंग्रजी करायला इराकडे दिलं. ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती, पण लॅपटॉप घेऊन टेबलाशी येऊन बसली. भराभर टाइप करत गेली, आणि त्या वाक्यापाशी थांबली.

"आई, हिअर. शुडन्ट इट बी बट? ही रिफ्यूज्ड इट, बट ही टोल्ड नो वन?"

"नाही," मी म्हटलं. "अँड."

तिने चष्मा काढला. डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला. मग तिने "अँड" टाइप केलं आणि पुढच्या वाक्याला लागली.